गुप्त शस्त्रांची कुणकुण

अफवा, आवई आणि कुणकुण हे तीन शब्द मराठीत एकमेकांच्या जवळ वावरत असले, तरी त्यांच्यात एक मोलाचा फरक आहे. आवई उठवली जाते, अफवा पसरते, पण कुणकुण लागते. म्हणजे जिथे आत खरोखर काहीतरी शिजत असते आणि त्याचा सुगावा बाहेरच्यांना हळूहळू येऊ लागतो, तिथेच हा तिसरा शब्द शोभतो. मनोरंजन उद्यानात नवा रोलर कोस्टर येणार अशी जी बोलवा अधूनमधून सुरू होते, ती बहुतेक वेळा या तिसऱ्या जातीची असते, कारण डोंगरासारखा चढ, शेकडो टन पोलाद आणि काँक्रीटचे खोल पाये असलेली वस्तू कोणालाही एका रात्रीत उभी करता येत नाही, आणि ती उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून तिच्या खुणा सरकारी दप्तरात, कारखान्याच्या आवारात आणि उद्यानाच्या कुंपणामागे उमटू लागतात. या खुणा कशा उमटतात आणि त्या वाचायच्या कशा, हे समजून घेण्यासाठी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातल्या ऑल्टन टॉवर्स या उद्यानाइतके समर्पक उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण तिथे गुप्तता हीच जाहिरात झाली आणि उघडपणा हा कायदा होता.

मनोरंजन उद्यानांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानांसारख्या ठिकाणी लोक दूरदेशांतून विमानाने येतात, आठवडाभर राहतात आणि कित्येकदा आयुष्यात एकदाच जातात. याउलट प्रादेशिक उद्यान म्हणजे ज्याचे बहुसंख्य पाहुणे मोटारीने दोन-तीन तासांत पोहोचतील अशा टापूतले असतात, सकाळी येऊन रात्री घरी परततात आणि वर्षभराचा पास काढून पुन:पुन्हा येतात. अशा उद्यानापुढचा प्रश्न सोपा पण कठोर असतो: ज्या कुटुंबाने गेल्या वर्षी सगळे पाहिले, त्याने यंदा का यावे? त्याचे उत्तर म्हणून दर काही वर्षांनी एक मोठे नवे यंत्र उभारावे लागते. आज त्यासाठी एक ते दोन कोटी पौंडांच्या घरात खर्च येतो. ऑल्टन टॉवर्सच्या २०१३ च्या ‘द स्मायलर’ला सुमारे १ कोटी ८० लाख आणि २०१८ च्या ‘विकर मॅन’ला सुमारे १ कोटी ६० लाख पौंड लागल्याचे त्या त्या वेळी जाहीर झाले होते. एवढी रक्कम एका वस्तूवर लागलेली असल्यामुळे तिची बातमी केव्हा आणि कशी द्यायची हा व्यवसायाचा कळीचा प्रश्न बनतो. फार लवकर दिली, तर चालू हंगामात येऊ पाहणारे लोक ‘पुढच्या वर्षीच जाऊ’ म्हणून थांबतात. फार उशिरा दिली, तर पासची विक्री हातची जाते.

ऑल्टन टॉवर्स मुळात श्रूजबरीच्या उमरावांची जहागीर. तिथल्या बागा पंधराव्या अर्लने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी खडकाळ दरीत फुलवल्या, पुढे गॉथिक धाटणीचा प्रचंड वाडा उभा राहिला, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला त्या वाड्याचे छप्पर आणि आतले सामान काढून घेतले गेल्यावर केवळ भिंतींचा सांगाडा उरला. १९८० मध्ये ‘कॉर्कस्क्रू’ नावाचा, गाडीला दोनदा उलटी करून फिरवणारा कोस्टर तिथे आला आणि बागेचे रूपांतर आधुनिक मनोरंजन उद्यानात झाले. परंतु वाडा आणि बागा या दोन्हींना वारसास्थळाचे कायदेशीर संरक्षण असल्यामुळे, आणि भोवताली छोटी गावे, शेते व वनराई असल्यामुळे, एक अट उद्यानाच्या मानगुटीवर कायमची बसली: कोणतेही नवे बांधकाम झाडांच्या शेंड्यांवर डोकावता कामा नये. ज्या व्यवसायात उंची हीच वेगाची जननी आहे, त्यातल्या माणसांसाठी ही अट म्हणजे हातपाय बांधून पोहायला लावण्यासारखीच होती, आणि तरीही पुढच्या तीस वर्षांतले या उद्यानाचे सारे वैभव याच अटीतून जन्माला आले आहे.

१९९० मध्ये टुसॉड्स समूहाने उद्यान विकत घेतल्यावर नव्या कोस्टरची जबाबदारी जॉन वॉर्डली यांच्याकडे आली. प्रकल्पाच्या कागदांवर खरे नाव येऊ नये म्हणून त्याला ‘सीक्रेट वेपन’, म्हणजे ‘गुप्त शस्त्र’, असे सांकेतिक नाव देण्यात आले. पहिल्या दोन गुप्त शस्त्रांसाठी अमेरिकेतील ॲरो कंपनीचा ‘पाइपलाइन’ हा प्रकार निवडला होता. यात प्रवासी रुळांच्या वर किंवा खाली नव्हे, तर दोन रुळांच्या मधोमध, जणू नळीच्या पोकळीतून जात असल्यासारखे बसतात. त्याचा प्रायोगिक नमुना वॉर्डली यांना संथ आणि बोजड वाटला, त्यामुळे दोन्ही आराखडे कागदावरच राहिले. दरम्यान १९९२ मध्ये शिकागोजवळच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका उद्यानात बोलिगर आणि माबिलार्ड या स्विस अभियंत्यांच्या कंपनीने ‘बॅटमॅन: द राइड’ हा पहिला ‘इन्व्हर्टेड’ कोस्टर सुरू केला, ज्यात गाडी रुळांखाली टांगलेली असते, प्रवाशांच्या पायांखाली तळ नसतो आणि वळणावर पाय मोकळ्या हवेत भिरकावले जातात. बी अँड एम या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीचा उल्लेख महाराष्ट्राच्या संदर्भातही करावा लागतो, कारण खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात २०१३ मध्ये आलेला, गाडीला तळ नसलेला ‘नायट्रो’ हा कोस्टर तिनेच बनवला आहे.

तिसरे गुप्त शस्त्र म्हणून ऑल्टन टॉवर्सने हाच टांगत्या गाडीचा प्रकार स्वीकारला, आणि झाडांच्या अटीला वॉर्डली यांनी दिलेले उत्तर अत्यंत सरळ होते: वर जाता येत नसेल, तर खाली जावे. खडक फोडून एक खोल खड्डा तयार करण्यात आला आणि रूळ त्या खड्ड्याच्या कडेकपारींतून, दगडी भिंतींना जवळजवळ घासत नेण्यात आले. मार्च १९९४ मध्ये सुरू झालेल्या या कोस्टरचे नाव ‘नेमेसिस’. त्याची उंची जमिनीपासून केवळ १३ मीटर, पण सर्वांत मोठा उतार सुमारे ३२ मीटरचा आहे. या दोन आकड्यांतली तफावत म्हणजेच तो खड्डा. कोस्टरला इंजिन नसते. साखळीने गाडी एकदा चढावर ओढली, की पुढचा सारा प्रवास तिला मिळालेल्या स्थितिज ऊर्जेवर, म्हणजे उंचीमुळे साठलेल्या ऊर्जेवर, होतो. घर्षण आणि हवेचा विरोध वगळला, तर ३२ मीटर घसरलेल्या गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर भरतो, मग ती गाडी रिकामी असो की भरलेली. नेमेसिसचा प्रत्यक्ष वेग ताशी सुमारे ८१ किलोमीटर आहे. हा वेग आजच्या मानाने फारसा नाही. परंतु वेगाची जाणीव ही डोळ्यांसमोरून वस्तू किती झपाट्याने सरकतात यावर अवलंबून असते, आणि मोकळ्या आकाशापेक्षा हाताच्या अंतरावरचा खडक कितीतरी अधिक झपाट्याने सरकतो. म्हणून उंच कोस्टर अनुभवलेली माणसेही नेमेसिसमधून उतरताना थरथरतात. १९९८ च्या ‘ओब्लिव्हियन’ या चौथ्या शस्त्रात हीच युक्ती टोकाला नेली गेली: गाडी कड्याच्या टोकाशी क्षणभर थबकते आणि जवळजवळ उभ्या रेषेत जमिनीतल्या काळ्या विवरात शिरते. सुमारे ५५ मीटरच्या त्या उतारातला बराचसा भाग बोगद्यात गडप झाला असल्यामुळे बाहेरच्या गावांना तो दिसतच नाही.

आता उघडपणाची दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यापासून कोणत्याही लक्षणीय बांधकामासाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी, म्हणजे ‘प्लॅनिंग परमिशन’, घ्यावी लागते. ऑल्टन टॉवर्सच्या बाबतीत हे प्रशासन म्हणजे स्टॅफर्डशायर मूरलँड्सचे जिल्हा कौन्सिल. अर्जासोबत जागेचा नकाशा, बांधकामाची उंची आणि छेद, ध्वनीचा अंदाज, वाहतुकीचा अंदाज, झाडे व वन्यजीवांवरील परिणाम, वारसा वास्तूंच्या दृश्यावर होणारा परिणाम, असे जाडजूड दप्तर द्यावे लागते, आणि ते सर्व नागरिकांना पाहण्यासाठी खुले असते, कारण शेजाऱ्यांना हरकत घेण्याचा हक्क आहे आणि काय येणार हे कळल्याखेरीज हरकत घेता येत नाही. म्हणजे ज्या वस्तूला उद्यान ‘गुप्त शस्त्र’ म्हणते, तिची लांबी, रुंदी आणि उंची कौन्सिलच्या दप्तरात मीटरमध्ये लिहिलेली सापडते. सरे परगण्यातल्या थॉर्प पार्कचे उदाहरणही असेच आहे. तिथे २०२२ मध्ये ‘प्रोजेक्ट एक्झोडस’ या नावाने सादर झालेल्या अर्जातून २३६ फूट, म्हणजे सुमारे ७२ मीटर, उंचीचा कोस्टर येत असल्याचे सर्वांना कळले, आणि ‘हायपेरिया’ हे त्याचे खरे नाव बऱ्याच नंतर जाहीर झाले. २४ मे २०२४ रोजी तो सुरू झाला, तेव्हा १९९४ पासून ब्रिटनमध्ये सर्वांत उंच असलेल्या ब्लॅकपूलच्या ‘द बिग वन’चा मान त्याच्याकडे गेला.

आराखडा हाती आला, तरी तो वाचता यावा लागतो, आणि इथे हौशी अभ्यासकांची एक पिढीच तयार झाली आहे. वरून काढलेल्या नकाशात उभा वळसा एका बारीक पट्टीसारखा दिसतो. पण बाजूचा छेद पाहिला, तर तो वर्तुळाकार नसून पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता असल्याचे लक्षात येते. त्यामागे गणित आहे. वळसा पूर्ण गोल असता आणि गाडी माथ्यावरून जेमतेम निसटेल एवढाच वेग दिला असता, तरी तळाशी प्रवाशाला स्वत:च्या वजनाच्या सहापट भार जाणवला असता, आणि असा भार अचानक येणे मानेला व मेंदूला घातक ठरते. जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगेल यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘रेव्होल्यूशन’ या कोस्टरसाठी क्लोथॉइड नावाच्या वक्राचा वापर केला. या वक्राची वाकण्याची तीव्रता हळूहळू वाढत जाते, त्यामुळे तळाशी त्रिज्या मोठी आणि माथ्याशी छोटी राहते व भार सोसण्याजोगा होतो. रेल्वेमार्ग सरळ रेषेतून वळणात शिरताना अभियंते हाच विचार करतात. ज्याला हे ठाऊक आहे, तो छेदावरून वळसे मोजू शकतो, गाडी कुठे उलटी होईल हे सांगू शकतो आणि रुळाच्या कण्याचा आकार पाहून निर्माता कोण याचाही अंदाज बांधू शकतो.

मात्र आराखड्याला एक मर्यादा आहे, आणि ती वॉर्डली यांनी पुरेपूर ओळखली होती. नियोजन खात्याला इमारतीच्या बाह्यरूपाशी कर्तव्य असते. बंद भिंतींच्या आत यंत्र काय करते याच्याशी त्याचा फारसा संबंध येत नाही. सहावे शस्त्र, म्हणजे २०१० चा ‘थर्टीन’, याच फटीत वसलेले आहे. रानातून धावत आलेली गाडी एका अंधाऱ्या इमारतीत शिरते, थांबते, आणि मग प्रवाशांसह रुळाचा तो तुकडाच काही मीटर खाली कोसळतो, व गाडी उलट दिशेने, पाठमोरी बाहेर पडते. या इमारतीत काहीतरी आहे हे सर्वांना दिसत होते. काय आहे, याबद्दल तर्कांना ऊत आला होता. उद्यानाने जाहिरातीतून भीतीचे वातावरण तेवढे उभे केले आणि मुख्य गोष्ट मुठीत ठेवली. ‘पाण्यात म्हैस, वर मोल’ ही म्हण मराठीत अविचारी सौद्यासाठी वापरतात, पण इथे न दिसलेल्या म्हशीचे मोल तिच्या न दिसण्यामुळेच वाढले.

कागदांखेरीज कुणकुण लागण्याचा दुसरा मार्ग म्हणजे जुने यंत्र बंद होणे. उद्यानातली परवानगी मिळालेली, वीज-पाण्याची सोय असलेली आणि शेजाऱ्यांच्या सवयीची झालेली जागा अत्यंत मोलाची असते, म्हणून एखादी राइड बंद झाली की तिच्या जागी काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. कॉर्कस्क्रू २००८ च्या अखेरीस बंद झाला आणि त्याच जागेवर ‘थर्टीन’ आला. पाण्यातून घसरणारी ‘फ्लूम’ २०१५ मध्ये थांबली आणि २०१८ मध्ये तिथे ‘विकर मॅन’ हा लाकडी कोस्टर उभा राहिला, जो ब्रिटनमध्ये १९९६ च्या ‘मेगाफोबिया’नंतर इतक्या वर्षांनी आलेला या प्रकारचा पहिला मोठा कोस्टर होता. पण या मार्गाने निघालेला निष्कर्ष वेळेच्या बाबतीत फार फसवा असतो. थॉर्प पार्कची ‘लॉगर्स लीप’ ही पाण्याची राइड २०१५ मध्येच थांबली होती आणि तिच्या जागेवरचा ‘हायपेरिया’ यायला २०२४ उजाडले. मधल्या काळात दरवर्षी ‘यंदा नक्की’ असे म्हणणाऱ्यांची माहिती खोटी नव्हती, फक्त घाई झालेली होती.

अमेरिकेत परिस्थिती थोडी निराळी आहे. तिथे जमिनीपासून २०० फुटांहून उंच बांधकाम करायचे असल्यास संघराज्याच्या हवाई वाहतूक प्रशासनाला आधी कळवावे लागते, आणि ही सूचना सार्वजनिक असते. नवे नाव सुरक्षित करण्यासाठी व्यापारचिन्हाचा अर्जही करावा लागतो, तोही खुला असतो. शिवाय ओहायो राज्यातल्या बटेव्हिया गावी क्लेरमाँट स्टील फॅब्रिकेटर्स नावाच्या कारखान्यात बी अँड एमच्या कितीतरी कोस्टरांचे रूळ तयार होतात, आणि आवारात रंगवून ठेवलेले ते तुकडे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतात. तुकड्याचा रंग, वाकण्याची पद्धत आणि लांबी यांवरून ते कोणत्या उद्यानाकडे निघाले असावेत, हे ताडण्याचा उद्योग हौशी मंडळी चिकाटीने करतात. या तीन पुराव्यांचे वजन सारखे नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. पोलादाचा तुकडा बनला म्हणजे पैसे खर्च झाले. उंचीची सूचना दिली म्हणजे निदान गंभीर विचार झाला. नावाचा अर्ज मात्र अनेकदा केवळ जागा धरून ठेवण्यासाठी केलेला असतो आणि त्यातली कित्येक नावे कधीच प्रत्यक्षात येत नाहीत.

ज्यांना नव्या कोस्टरची बातमी सर्वांत आधी हवी असते, ते हौशी प्रवासीच असतात असेही नाही. उद्यानाशेजारच्या गावांतल्या रहिवाशांसाठी ती बातमी म्हणजे वाढलेली मोटारींची रांग आणि दिवसभर ऐकू येणाऱ्या किंकाळ्या. ऑल्टन टॉवर्सच्या शेजाऱ्यांनी आवाजाच्या त्रासाबद्दल न्यायालयात दाद मागितली होती आणि २००४ मध्ये न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली. तेव्हापासून ध्वनीचा अंदाज हा तिथल्या प्रत्येक अर्जातला सर्वांत बारकाईने वाचला जाणारा भाग बनला असेल, तर त्यात नवल नाही. पोकळ पोलादी रूळ ढोलासारखे घुमतात, म्हणून त्यांच्या कण्यात आणि खांबांत वाळू भरण्याची पद्धत आहे. रूळ खड्ड्यात असले की दगडी भिंती आवाज अडवतात. स्थानक आणि चढ यांची दिशा वस्तीपासून फिरवता येते. हौशी वाचकाला आराखड्यात रोमांच दिसतो आणि शेजाऱ्याला डेसिबल दिसतात, पण दोघेही एकच कागद वाचत असतात, आणि दोघांच्याही वाचण्याला सारखाच मान द्यायला हवा.

येऊ घातलेल्या यंत्राविषयीच्या या साऱ्या कुतूहलाला एक गंभीर बाजूही आहे. २ जून २०१५ रोजी ‘द स्मायलर’वर प्रवाशांनी भरलेली गाडी रुळावर थांबलेल्या एका रिकाम्या गाडीवर आदळली, सोळा जण जखमी झाले आणि दोन तरुणींना पाय गमवावा लागला. त्या दिवसांत रूळ खचला, चौदा उलट्यांचा आराखडाच मुळात धोक्याचा होता, अशा अनेक वावड्या उठल्या. कोस्टरचा मार्ग खंडांत विभागलेला असतो आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असावी, पुढचा खंड मोकळा झाल्याशिवाय मागची सोडू नये, अशी स्वयंचलित व्यवस्था असते. रेल्वेच्या सिग्नलांचे तत्त्व हेच. चौकशीत असे निष्पन्न झाले की रूळ, गाड्या किंवा नियंत्रण यंत्रणा यांत दोष नव्हता. यंत्रणेने मागची गाडी थांबवलीच होती, पण पुढे रिकामी गाडी अडकली आहे हे न कळलेल्या कर्मचाऱ्यांनी तो थांबा हाताने ओलांडला, आणि अशा प्रसंगी काय करावे याची पुरेशी पद्धत व्यवस्थापनाने घालून दिलेली नव्हती. २०१६ मध्ये न्यायालयाने कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला. पोलादाला दोष देणारी वावडी या प्रकरणात केवळ चुकीची नव्हती, तर खऱ्या जबाबदारीवरून लक्ष हटवणारी होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘नेमेसिस’ थांबवण्यात आला, तेव्हा त्याच्या चाहत्यांच्या मनात पहिला विचार कायमच्या निरोपाचाच आला. जवळपास तीन दशके लक्षावधी फेऱ्या झाल्यावर पोलादाला शीण येतो. पुन:पुन्हा पडणाऱ्या ताणाने त्यात सूक्ष्म तडे पडण्याची शक्यता वाढत जाते आणि एका टप्प्यानंतर डागडुजीपेक्षा नवे रूळ टाकणे शहाणपणाचे ठरते. पण परवानगीच्या कागदांत उत्तर आधीच दिलेले होते: जुना मार्ग जसाच्या तसा ठेवून रूळ बदलायचे. रिकाम्या खड्ड्यात पुन्हा क्रेन उतरल्या, त्याच खडकांच्या मधून, त्याच वळणांनी नवे काळे रूळ बसवले गेले, आणि १६ मार्च २०२४ रोजी ‘नेमेसिस रीबॉर्न’ या नावाने गाडी पुन्हा सुटली. शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला आजही तिथे फक्त झाडांचे शेंडे दिसतात.